जस्त सगळीकडे एकाच तापमानाला गोठतं का? तापमानाच्या राष्ट्रीय मानकांच्या तुलनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये, म्हणजे थर्मामीटर बरोबर दाखवतात का ते तपासणाऱ्या लॅबमध्ये, माझी नोकरी आहे. बुटीबोरीच्या कारखान्यांतले मेंटेनन्सवाले, इंजिनिअरिंगची पोरं, कधी एखादा सराफ, असे लोक थर्मामीटर घेऊन येतात आणि सर्टिफिकेट तयार होईपर्यंत प्रश्न विचारत बसतात. दर महिन्याला तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

मे २०२४ मध्ये नागपुरात खरंच ५६ अंश होते का?

नाही. शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने तो आकडा दाखवला, दिवसभर तो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला आणि मग सेन्सरमध्ये बिघाड होता असं हवामान खात्याने सांगितलं. सत्तेचाळीसची झळ सोसलेल्या नागपूरकराला छप्पन्नवर विश्वास ठेवायला फार वेळ लागला नाही, एवढंच.

माझं लक्ष मात्र वेगळ्या गोष्टीकडे गेलं. तो आकडा चुकीचा हे ठरवलं कशावरून? दुसऱ्या थर्मामीटरवरून. तो बरोबर कशावरून? त्याला तपासणाऱ्या तिसऱ्यावरून. असं मागे मागे जात राहिलं की आपण दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनपीएलमध्ये पोहोचतो. आणि दिल्लीचा बरोबर कशावरून? तिथे वर आणखी कोणाचा थर्मामीटर नसतो. तिथे असतात मुशीत गोठणारे धातू, आणि आपल्यासारखाच तो उद्योग करणाऱ्या इतर देशांच्या प्रयोगशाळा.

त्यासाठी धातू कशाला? पाणी उकळवलं की १०० अंश मिळतातच ना?

नागपुरात तर मिळत नाहीतच. आपण समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास उंच आहोत, हवेचा दाब कमी, त्यामुळे आपल्याकडे पाणी साधारण ९९ अंशांनाच उकळतं. वादळी पाऊस आला की तोही आकडा हलतो. उकळणं हे दाबाच्या तालावर नाचतं. गोठण्याचं तसं नाही. त्याच उंचीमुळे जस्ताच्या गोठणबिंदूत पडणारा फरक अंशाच्या दहा हजाराव्या भागाच्या घरात असतो. तोही गणिताने काढून दुरुस्त करता येतो.

पूर्वी गंधकाचा उत्कलनबिंदू मानक म्हणून वापरत असत. दाब सांभाळता सांभाळता लोकांच्या नाकी नऊ आले आणि पुढे जस्ताने त्याची जागा घेतली.

आणि जाता जाता: समुद्रसपाटीच्या प्रमाण दाबालाही पाणी आता बरोबर १०० अंशांना उकळत नाही. १९९० च्या मापश्रेणीनुसार ते ९९.९७४ अंशांना उकळतं. शाळेच्या परीक्षेत मात्र १०० च लिहा.

कोणते धातू, आणि किती अंशांना?

सध्या जगभर चालते ती १९९० ची आंतरराष्ट्रीय तापमान मापश्रेणी, आयटीएस-९०. तिच्यात इंडियम १५६.५९८५, कथील २३१.९२८, जस्त ४१९.५२७, अ‍ॅल्युमिनियम ६६०.३२३, चांदी ९६१.७८, सोनं १०६४.१८ आणि तांबं १०८४.६२ अंश सेल्सिअसला गोठतं. गॅलियम त्यात वेगळं: त्याचा द्रवणांक घेतात, २९.७६४६ अंश. म्हणजे एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे एसी बंद पडला तर गॅलियम टेबलावरच वितळेल. सगळ्यांचा पाया पाण्याचा त्रिक बिंदू, ०.०१ अंश, जिथे बर्फ, पाणी आणि वाफ बंद काचेत एकत्र नांदतात.

चांदीपर्यंत या बिंदूंच्या मधलं तापमान प्लॅटिनमच्या तारेच्या विद्युतरोधावरून काढतात, कारण तो तापमानासोबत वाढतो. त्याच्या वर मात्र तप्त वस्तूच्या प्रकाशावरून मोजावं लागतं.

वितळणं आणि गोठणं एकाच तापमानाला होतं ना? मग गोठण्याचाच आग्रह का?

शंभर टक्के शुद्ध धातूसाठी दोन्ही एकच. पण शंभर टक्के शुद्ध असं काही नसतं. गोठताना धातू बाहेरून आत थर धरत जातो आणि मळ उरलेल्या द्रवात ढकलत राहतो. त्यामुळे सुरुवातीचा बराच काळ तापमान स्थिर आणि भरवशाचं मिळतं. वितळताना मात्र आदल्या वेळी तो कसा गोठला होता याचा हिशेब निघतो. घाईने गोठवला असेल तर वितळण्याची रेघ तिरकी येते. गॅलियम मुळात लवकर गोठायलाच तयार नसतं, म्हणून त्याला सवलत.

धातू ज्यात गोठवतात तो ‘सेल’ दिसतो कसा? आत नेमकं काय चालतं?

सोनाराची मूस डोळ्यांपुढे आणा. तशीच, पण उंच आणि सडपातळ, अतिशुद्ध ग्रॅफाइटची. तिच्यात ९९.९९९९ टक्के शुद्धतेचा धातू. मधोमध थर्मामीटर उतरवायला एक नळी. हे सगळं क्वार्ट्झच्या नळकांड्यात, आर्गॉन वायूत, म्हणजे हवेतला ऑक्सिजन ग्रॅफाइटला खाणार नाही. आणि बाहेर उभी भट्टी.

जस्ताचं सांगतो, कारण ते मी सगळ्यांत जास्त वेळा पाहिलं आहे. रात्री भट्टी गोठणबिंदूच्या चार-पाच अंश वर लावून घरी जायचं. सकाळी धातू पूर्ण पातळ झालेला असतो. भट्टी हळूहळू खाली आणायची आणि स्क्रीनवरच्या आकड्याकडे बघत बसायचं. आकडा उतरतो, उतरतो, ४१९.५२७ च्याही किंचित खाली जातो, कारण धातू गोठायला आधी कचरतो. मग एकदम उलटा फिरतो, वर चढतो. पहिले स्फटिक धरले. त्या वेळी थर्मामीटर बाहेर काढून नळीत गार क्वार्ट्झची कांडी काही मिनिटं घालायची, म्हणजे नळीभोवतीही घन जस्ताचं पातळ कवच तयार होतं. आता थर्मामीटरच्या नळीभोवती लगेचच घन आणि द्रव यांची एक सीमा आहे, दुसरी सीमा बाहेर मुशीच्या भिंतीकडे. थर्मामीटर आधी तापवून परत आत घालायचा. यानंतर कित्येक तास आकड्याचे शेवटचे एक-दोन अंक तेवढे थरथरतात. भट्टी उष्णता काढून घेतेय, धातू गोठता गोठता अप्रकट उष्मा सोडतोय, आणि दोघांच्या रस्सीखेचीत दोरी जागची हलत नाही.

कथील याहून नखरेल. शुद्ध कथील वीस-वीस अंश खाली जाऊनही पातळच राहतं. त्याला मुशीसकट भट्टीबाहेर उचलून हवेचा झोत द्यावा लागतो, तेव्हा कुठे ते भानावर येतं. ज्यांनी लहानपणी गल्लीत कल्हईवाला पाहिला आहे त्यांना हे कथील किती सहज पसरतं तेवढंच आठवत असेल. त्याचा हा दुसरा स्वभाव मलाही लॅबमध्ये आल्यावरच कळला.

मी इतवारीत सोनं गाळतो. आमचं २२ कॅरेट चालेल का?

नाही भाऊ. २२ कॅरेट हे मिश्रण, आणि मिश्रण सहसा एका बिंदूला गोठत नाही. गोठायला एका तापमानाला सुरुवात होते, संपतं दुसऱ्या. मधला काळ तुम्ही रोज पाहताच, धड पातळ ना धड घट्ट. वाडीला अ‍ॅल्युमिनियमचं संशोधन केंद्र आहे म्हणून पोरं बाजारातला अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा आणून हाच प्रश्न विचारतात. उत्तर तेच.

अपवाद सोल्डरचा. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं एवढं प्रमाण जमलं की ते १८३ अंशांना एका झटक्यात गोठतं. पण प्रमाण जरा चुकलं की गेलं.

सगळ्यांकडे तेच जस्त, आकडाही तोच ठरलेला. मग देशादेशांनी तुलना कशाला करायची?

हाच खरा प्रश्न, आणि तो विचारणारे फार थोडे.

आपल्याकडे झिरो माइलचा दगड आहे. अंतर त्याच्यापासून मोजायचं म्हटलं तर दगड एकच, जागा एकच, वाद नाही. तापमानाचा असा एक दगड कुठे रोवता येत नाही. कागदावरचा आकडा सगळ्यांना सारखा, पण तो प्रत्यक्षात आणण्यासाठी जो तो देश आपापल्या भट्टीत आपापला दगड रोवतो. मग ते सगळे सारख्याच जागी पडले आहेत का, हे तपासावंच लागतं.

आणि ते सारख्या जागी पडत नाहीत. पहिलं कारण मळ. धातूत दहा लाख अणूंमागे एक अणू परका असला तरी जस्ताचा गोठणबिंदू साधारण अर्ध्या मिलिकेल्विनने खाली ओढला जातो. (मिलिकेल्विन म्हणजे अंशाचा हजारावा भाग.) काही अशुद्धी उलट वर ढकलतात. दुसरं कारण खोली. थर्मामीटरचं टोक पातळ धातूच्या पृष्ठभागाखाली अठरा सेंटिमीटर असेल तर वरच्या जस्ताच्या वजनाने तिथलं तापमान सुमारे अर्धा मिलिकेल्विन जास्त असतं. ही दुरुस्ती विसरणारे महाभाग आहेत. तिसरं, थर्मामीटरच्या काचेतून उष्णता वर पळते. चौथं, रोध मोजायला सोडलेला विद्युतप्रवाह थर्मामीटरला स्वतःच किंचित तापवतो. म्हणून दोन वेगवेगळ्या प्रवाहांवर मोजून शून्य प्रवाहाचा रोध गणिताने काढतात. आणि पाण्याच्या त्रिक बिंदूवर झालेली बारीकशी चूक जस्तापाशी पोहोचेपर्यंत जवळजवळ तिप्पट होते. पाया एवढासा कलला की वरचा मजला केवढा कलतो, तसं.

यातली कुठलीही गोष्ट तुम्हाला स्वतःच्या लॅबमध्ये बसून दिसत नाही. तुमचं जस्त तुमच्या जस्ताशी नेहमीच जुळतं. दुसऱ्याच्या जस्ताशेजारी ठेवलं की खरी गोष्ट कळते.

ही तुलना प्रत्यक्षात करतात कशी?

एक प्रयोगशाळा सूत्रधार होते. आर्गॉनच्या त्रिक बिंदूपासून अ‍ॅल्युमिनियमपर्यंतच्या सीसीटी-के३ नावाच्या जागतिक तुलनेची सूत्रं अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेकडे, एनआयएसटीकडे होती, अ‍ॅल्युमिनियम-चांदीच्या सीसीटी-के४ ची जर्मनीच्या पीटीबीकडे. काय फिरवायचं, याचे दोन मार्ग. एक, धातूचा सेलच पाठवायचा आणि प्रत्येकाने तो आपल्या सेलशेजारी गोठवून फरक लिहायचा. दोन, प्लॅटिनमचा मानक थर्मामीटर फिरवायचा. प्रत्येकाने तो आपल्या सेलमध्ये आणि आपल्या त्रिक बिंदूवर मोजायचा आणि दोन रोधांचं गुणोत्तर कळवायचं. जस्तासाठी हे गुणोत्तर २.५६८९ च्या जवळ येतं. नुसता रोध न घेता गुणोत्तर घेतल्यामुळे ओहम मोजण्यातल्या बऱ्याच चुका आपोआप कटतात.

सूत्रधार वस्तू जाण्याआधी मोजतो, आल्यावर परत मोजतो. वाटेत ती बिघडली का ते त्यावरून कळतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम: प्रत्येकाने आपला आकडा आणि आपली अनिश्चितता (म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते) इतरांचं उत्तर न बघता सूत्रधाराकडे द्यायची. एकदा दिली की मागाहून ‘आमचं जरा चुकलं होतं’ म्हणून आकडा गुपचूप बदलता येत नाही. यात वर्षं जातात. जस्ताला कुणाची घाई नसते.

थर्मामीटर कुरिअरने का पाठवत नाहीत?

कारण तो कमालीचा नाजूक. अतिशुद्ध प्लॅटिनमची तार आत जवळजवळ मोकळी टांगलेली असते, ताण पडू नये म्हणून. धक्का बसला की तारेत ताण येतो आणि रोध वाढतो. म्हणून माणूस तो हातात घेऊन विमानातून जातो आणि सिक्युरिटीवाल्याला काचेची ही लांब नळी काय आहे ते समजावत बसतो.

हे मला पुस्तकाने शिकवलं नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी आमच्या लॅबचा मानक थर्मामीटर भट्टीतून काढताना नळीच्या काठाला लागला. ‘टक्’ एवढाच आवाज. दिसायला काही नाही. दुसऱ्या दिवशी त्रिक बिंदूवर ठेवला तर २५ ओहमच्या रोधात ०.३ मिलिओहमची वाढ, म्हणजे ३ मिलिकेल्विन. आमच्या साहेबांनी आवाज चढवला नाही. नुसतं म्हणाले, ‘वहीत लिही, तारीख-वेळ टाकून.’ तापवून, सावकाश थंड करून बराचसा ताण काढता आला, सगळा नाही. त्या वहीचं ते पान अजून आहे आणि नवीन पोरगं रुजू झालं की त्याला आधी तेच दाखवतात.

मग शेवटी जिंकतं कोण?

कुणी नाही, ही शर्यत नाही. पण नापास मात्र होता येतं, आणि ते कसं हे समजलं की सगळा प्रकार समजला.

सगळ्यांच्या मापांवरून काढलेला तुलनेचा आकडा म्हणजे संदर्भमूल्य. समजा त्याची अनिश्चितता ०.५ मिलिकेल्विन आहे. पहिली लॅब त्यापासून १.२ मिलिकेल्विन दूर, पण तिने आधीच लिहून दिलंय की आमचं माप २ मिलिकेल्विनने इकडेतिकडे असू शकतं. दुसरी लॅब ०.९ मिलिकेल्विनच दूर, पण तिचा दावा फक्त ०.४ चा. दोन्ही अनिश्चिततांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढायचं आणि फरकाला त्याने भागायचं. पहिलीचं उत्तर ०.५८ येतं. दुसरीचं १.४. उत्तर एकच्या आत असलं की ठीक, बाहेर गेलं की प्रश्न. म्हणजे जी लॅब जवळ होती तीच अडकली! कारण ती दूर होती म्हणून नाही, तिने फुशारकी मारली म्हणून.

मला या धंद्यात हीच गोष्ट सगळ्यांत आवडते. इथे चुकण्याला शिक्षा नाही. आपण किती चुकू शकतो हे कमी सांगण्याला आहे. गिऱ्हाईक मात्र अजून सर्टिफिकेटवर अनिश्चिततेचा मोठा आकडा दिसला की तोंड वाकडं करतं. लहान आकडा लिहिणाऱ्याकडे पुढचं काम जातं. काय बोलणार!

यात भारत कुठे आहे?

एनपीएलची पायाभरणी ४ जानेवारी १९४७ ला झाली, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी. पहिले संचालक डॉ. के. एस. कृष्णन, रामन यांचे रामन परिणामाच्या संशोधनातले सहकारी. देशादेशांची मापं एकसारखी राहावीत यासाठीच्या मीटर करारात भारत १९५७ मध्ये सामील झाला. १९९९ मध्ये देशादेशांनी एकमेकांची मापं मान्य करण्याचा करार केला. तो टिकतो या तुलनांच्या निकालांवरच. आशिया-पॅसिफिक भागातल्या प्रयोगशाळांची स्वतंत्र साखळी आहे, एपीएमपी, तिच्यात एनपीएल आहे. दोन्हींत भाग घेणाऱ्या काही प्रयोगशाळा प्रादेशिक तुलनेला जागतिक तुलनेशी जोडतात. निकाल पॅरिसजवळच्या सेव्र इथल्या वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाच्या खुल्या यादीत कुणालाही बघता येतात. त्यात ज्याचा आकडा बाहेर गेला तोही दिसतो.

हे आकडे कायमचे आहेत का?

नाही. १९२७, १९४८, १९६८ आणि १९९० अशा मापश्रेण्या आल्या. १९६८ मध्ये जस्त ४१९.५८ अंशांना गोठायचं, १९९० पासून ४१९.५२७ ला. सोनं १०६४.४३ वरून १०६४.१८ वर आलं. जस्त किंवा सोनं बदललं नाही, आपल्याला ते जास्त नीट मोजता आलं.

२० मे २०१९ पासून केल्विनची, म्हणजे तापमानाच्या मूळ एककाची, व्याख्या बोल्ट्झमन स्थिरांक या निसर्गातल्या ठरावीक आकड्यावर बेतली आहे. त्याआधी ती पाण्याच्या त्रिक बिंदूवर होती. पण रोजच्या कामात आयटीएस-९० आणि धातूचे सेल तसेच चालू आहेत, कारण तेच सोयीचे आणि तेच पुन्हा पुन्हा तंतोतंत तेच तापमान देणारे. खऱ्या ऊष्मागतिकी तापमानापासून ही मापश्रेणी चांदीपाशी अंशाच्या काही शतांशांनी हटलेली आहे, हे तज्ज्ञांना माहीत आहे. तरी सगळे मिळून एकाच जागी हटलेले आहेत, त्यामुळे व्यवहार अडत नाही.

पाऱ्याचं काय?

उणे ३८.८३४४ अंशांचा त्याचा त्रिक बिंदू यादीत आहे. पण पारा विषारी आणि मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारामुळे त्याचा वापर जगभर आवळला जातोय. पर्याय म्हणून झेनॉनसारखे वायू तपासले जात आहेत.

‘काहून भाऊ, आमची भट्टी दहा डिग्री इकडेतिकडे झाली तं चालते. आमाले हजारावा भाग कायले पाहिजे?’

तुम्हाला नकोच आहे. पण साखळीच्या प्रत्येक कडीला अनिश्चितता वाढत जाते, कमी कधीच होत नाही. दिल्लीत एखाद-दोन मिलिकेल्विन. आमच्या लॅबला मिळेपर्यंत त्याचे दहाएक. तुमचा थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा तापमापक) आम्ही तपासतो तेव्हा एक अंश. तो भट्टीत बसला, वायर जुनी, कंट्रोलर गरम, की तीन-चार अंश. तुमचे दहा त्यातून उरतात. वरचीच कडी ढिली असती तर खाली तुम्हाला वीस मिळाले असते.

कोराडीच्या वीज केंद्रातल्या वाफेचं तापमान असो की औषधाच्या कारखान्यातलं निर्जंतुकीकरण, हिशेब हाच. आणि माल परदेशी पाठवणाऱ्याला तर विचारूच नका. तिकडचा गिऱ्हाईक हिंगण्याचं सर्टिफिकेट मान्य करतो ते आमच्या तोंडाकडे बघून नाही.

कॉलेजात हे करून बघता येईल का?

मानकाच्या दर्जाचं नाही, पण गोठण्याची ती सपाट रेघ नक्की दिसेल. शुद्ध कथील शंभरेक ग्रॅम, लहान ग्रॅफाइटची मूस, प्रयोगशाळेतली भट्टी आणि स्टीलच्या नळीतला के टाइप थर्मोकपल. वितळवा, भट्टी बंद करा, दर दहा सेकंदांनी आकडा लिहा आणि आलेख काढा. आकडा २३२ च्या खाली बुडी मारून झटकन वर आला तर घाबरू नका, ते वर सांगितलेलं कचरणं. रेघ २३२ ऐवजी २३० ला आली तरी चुकलात असं नाही. थर्मोकपलचीच मुभा तेवढी आहे. तसं लिहून ठेवा. धूर ओढणारा पंखा चालू ठेवा, चष्मा आणि हातमोजे घाला, थर्मोकपल आत घालण्याआधी पूर्ण कोरडा करा. वितळलेल्या धातूत पाण्याचा एक थेंबही पडता कामा नये, तो वाफ होऊन धातू उडवतो.